विरोध असावा, वैर नसावे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी तिचे अनुकरण केले. ऊन उतरल्यावर गावातल्या माणसांनी एकत्र बसावे, एका माणसाचे बोलणे तासभर ऐकावे, पटले तर घ्यावे आणि न पटले तर घरी जाऊन त्यावर विचार करावा, इतकाच या उपक्रमाचा साधा हेतू. ज्याचे मत आपल्याला पसंत नाही त्यालाही बोलू द्यायचे, असा या मांडवाचा एक अलिखित नियम आहे. तो कोणी फलकावर लिहून लावलेला नाही, आणि तरीही तो मोडावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

पण याच मांडवात शेजारी शेजारी बसणारी माणसे निवडणूक आली की वेगळी वागू लागतात, हाही आपला सर्वांचा अनुभव आहे. एका आळीत राहणारे, एका विहिरीचे पाणी प्यालेले लोक एकमेकांच्या घरच्या कार्याला जाईनासे होतात. पंगतीत कोण कोणाशेजारी बसला यावरून तर्क चालतात. आम्ही पाहिलेल्या एका नगरपालिकेत नळयोजनेचा ठराव लागोपाठ तीन सभांत तहकूब झाला. गंमत अशी की त्या योजनेला सभागृहात कोणाचाच विरोध नव्हता. ठराव कोणी मांडला, एवढ्यालाच विरोध होता. त्या उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांत दोन्ही पक्षांच्या घरच्या बायका होत्या, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

विरोध आणि वैर हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. विरोध हा मताशी असतो, धोरणाशी असतो. मत बदलले किंवा धोरण सुधारले की त्याचे काम संपते. वैर हे माणसाशी असते, आणि माणसाने काहीही केले तरी ते संपत नाही. लोकशाहीला पहिल्याची नितांत गरज आहे आणि दुसऱ्यापासून तिला धोका आहे. मग एकाचे रूपांतर दुसऱ्यात केव्हा होते आणि ते कसे टाळता येते? या प्रश्नाचे एक उत्तर नेहमी दिले जाते, ते असे की पुढारी थोर मनाचे असले म्हणजे झाले. हे उत्तर अपुरे आहे असे आम्हांस वाटते. ते का अपुरे आहे, हे आपल्याच इतिहासातील एका प्रसंगावरून चांगले कळते.

तो प्रसंग म्हणजे १९०७ सालची सुरतेची काँग्रेस. आदल्या वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव झाले होते. हे ठराव सुरतेला पातळ केले जातील, अशी टिळकांच्या जहाल पक्षाला शंका होती. उलट, जहालांच्या उतावळेपणाने सरकार संस्थाच मोडून टाकील, अशी फिरोजशहा मेहता आणि गोखले यांच्या मवाळ पक्षाला धास्ती होती. अधिवेशन मुळात नागपूरला व्हायचे, ते सुरतेला हलविण्यात आले. अध्यक्ष म्हणून डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव ठरले. जहालांना लाला लजपतराय हवे होते, परंतु लालाजींनी नकार दिला. प्रत्येक पावलागणिक दोन्ही बाजूंचा संशय वाढत गेला. ठराव खरोखर बदलले जाणार होते की नाही, याचा उलगडा समोरासमोर बसून काही घटकांत होऊ शकला असता. तो झाला नाही.

२६ डिसेंबरला अधिवेशन सुरू झाले आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्षांच्या नावाला अनुमोदन देण्यास उठताच इतका गोंधळ झाला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्षांकडे एक चिठ्ठी पाठविली. अध्यक्षांच्या निवडीच्या वेळी आपल्याला तहकुबीची सूचना मांडावयाची आहे, असे तीत होते. त्या चिठ्ठीची दखल घेतली गेली नाही. तेव्हा टिळक स्वतः व्यासपीठावर गेले आणि मला बोलण्याचा अधिकार आहे असे सांगून हाताची घडी घालून उभे राहिले. अध्यक्षांनी त्यांना परवानगी नाकारली. त्यांना खाली ओढण्यासाठी काही तरुण धावले. इतक्यात मंडपातून एक जोडा आला आणि तो सुरेंद्रनाथ व फिरोजशहा यांना लागला. तो मराठी घडणीचा जोडा होता, असे तेथे हजर असलेल्या हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने लिहून ठेवले आहे. तो कोणी फेकला आणि कोणाला मारण्यासाठी फेकला, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. त्यानंतर खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या आणि शेवटी पोलिसांनी मंडप मोकळा केला. ज्या सरकारशी भांडण्यासाठी ही संस्था उभी होती, त्याच सरकारच्या पोलिसांना तिचे भांडण मिटवावे लागले.

या धुमश्चक्रीतील एक गोष्ट मात्र मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. टिळकांच्या अंगावर लोक धावून आले तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले दोन्ही हात पसरून त्यांच्या आड उभे राहिले. नेव्हिन्सनने हेही पाहिले आणि लिहिले. गोखले आणि टिळक यांचे मतभेद त्या वेळी जवळपास वीस वर्षांचे जुने होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीपासून ते चालत आले होते, आणि त्यांत कटू शब्दांची देवघेव झालेली होती. तरी त्या क्षणी गोखल्यांना समोर प्रतिपक्षाचा पुढारी दिसला नाही; अंगावर हल्ला होत असलेला एक माणूस दिसला.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की गोखल्यांच्या या सौजन्याने टिळकांना आडोसा मिळाला, पण सभा वाचली नाही. मनाचा मोठेपणा त्या व्यासपीठावर नव्हता असे नाही. तो दोन्ही पक्षांत होता. नव्हती ती एका चिठ्ठीला उत्तर देण्याची रीत. अल्पमतात असलेल्या माणसाने सूचना मांडायची तर ती कोणत्या वेळी, किती मिनिटे आणि कोणाच्या परवानगीने मांडायची, हे दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या नियमाने ठरलेले नव्हते. वाट बंद झाली की माणसे भिंत फोडतात. सुरतेला तेच झाले. टिळकांना दहा मिनिटे बोलू दिले असते आणि मग मते मोजली असती, तर कदाचित त्यांची सूचना पडली असती. पण मतदानात पडलेला माणूस सभेत राहतो; बोलू न दिलेला माणूस सभेबाहेर जातो.

याची किंमत थोडीथोडकी नव्हती. दुसऱ्याच दिवशी मवाळांनी आपली निराळी परिषद भरविली. पुढल्या वर्षी नवी घटना करून जहालांना संस्थेची दारे बंद झाली. १९०८ च्या जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. काँग्रेसची अधिवेशने होत राहिली, परंतु त्यांत पूर्वीची धार राहिली नाही. १९१४ साली टिळक सुटून आले तेव्हा तडजोडीच्या वाटाघाटी झाल्या, त्याही फिसकटल्या. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात जमलेल्या लोकांना त्यांनी गोखल्यांचा आदर्श घेण्यास सांगितले. ज्या माणसाशी जन्मभर वाद घातला त्याच्या चितेपाशी उभे राहून टिळकांनी त्याचा गौरव केला. काँग्रेस पुन्हा एक झाली ती १९१६ च्या डिसेंबरात, लखनौला. म्हणजे सुरतेनंतर नऊ वर्षांनी. आणि ती एक होताच त्याच लखनौला मुस्लिम लीगशीही करार होऊ शकला. ज्यांना आपसांत बोलता येते त्यांनाच दुसऱ्यांशी बोलता येते.

सौजन्य मनात असून भागत नाही, ते सभेच्या रीतीत उतरावे लागते, हा सुरतेचा धडा आहे. स्वतंत्र भारतात आपण ज्या संसदीय पद्धती स्वीकारल्या त्यांतील पुष्कळशा याच हेतूने घडलेल्या आहेत. प्रश्नोत्तरांचा तास, हरकतीचा मुद्दा, कपात सूचना, अविश्वासाचा ठराव, सभात्याग या गोष्टी वर्तमानपत्रात वाचताना पुष्कळांना वेळेचा अपव्यय वाटतो. वास्तविक त्या सगळ्या वाटाच आहेत. राग सभागृहात शब्दांनी व्यक्त व्हावा, रस्त्यावर दगडांनी होऊ नये, यासाठी त्या बांधलेल्या आहेत. सभात्यागाचेच पाहा. निषेधासाठी उठून जाणारा सभासद दुसऱ्या दिवशी परत येऊन आपल्या जागी बसतो. जाण्याची रीत आहे म्हणूनच परत येण्याची सोय आहे.

याच जातीची आणखी एक प्रथा विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. सरकारने केलेला खर्च संसदेने मंजूर केला त्याप्रमाणे झाला की नाही, हे लोकलेखा समिती तपासते. ही समिती इंग्रजी अमदानीत, १९२१ साली सुरू झाली. १९६७ साली लोकसभेच्या अध्यक्षांनी तिचे अध्यक्षपद प्रथमच विरोधी बाकावरील सभासदाला दिले. ते स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी होते. तेव्हापासून हे पद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. म्हणजे घरधन्याने आपल्या हिशेबाच्या वह्या तपासण्यासाठी, ज्याला त्याच्या चुका शोधण्यात स्वारस्य आहे अशाच माणसाच्या हाती दिल्या. याहून मोठे सहकार्य कोणते? आणि त्यात खुशामत अगर गोडवा यांचा लवलेशही नाही. १९७७ साली संसदेने कायदा करून विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याप्रमाणे वेतन दिले, त्यामागेही हाच विचार होता. विरोध करणे हेसुद्धा देशाचेच काम आहे, आणि त्या कामाचा मेहनताना देशाच्याच तिजोरीतून दिला पाहिजे.

सहकार्य केले म्हणजे विरोध बोथट होतो, अशी एक शंका नेहमी घेतली जाते. तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे उदाहरण हेच उत्तर आहे. काँग्रेसवर त्यांच्याइतकी कठोर टीका फारच थोड्यांनी केली असेल. फाळणीमुळे त्यांची बंगालमधील घटना समितीची जागा गेली, तेव्हा १९४७ च्या जुलैमध्ये काँग्रेसच्याच पाठिंब्याने ते मुंबई प्रांतातून पुन्हा घटना समितीवर निवडून आले. पुढे ते कायदेमंत्री आणि मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्याच मंत्रिमंडळात काँग्रेसबाहेरचे श्यामाप्रसाद मुखर्जीही होते. घटना तयार झाली. पण म्हणून बाबासाहेबांनी आपली मते गुंडाळून ठेवली नाहीत. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला, आणि १९५२ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा करून त्यांचा पराभव केला. त्या पराभवाचे शल्य पुष्कळांना आजही आहे. तथापि राज्यघटनेचे काम जेव्हा करायचे होते तेव्हा ते दोन्ही बाजूंनी मिळून केले, हे सत्य त्याने पुसले जात नाही.

आता महाराष्ट्रातील एक प्रसंग घेऊ, ज्यात सुरतेच्या उलट घडले. ३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते व्हायचे होते. त्या वेळचे वातावरण किती तापलेले होते याची आज कल्पना येणे कठीण आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभरावर माणसे गोळीबारात बळी गेली होती. त्या वर्षीच्या निवडणुकीत मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसची धूळधाण उडविली होती. द्वैभाषिक राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यापुढे पेच होता. पंतप्रधानांच्या वाटेवर निदर्शने होऊ दिली तर दिल्लीचा रोष, आणि बंदी घातली तर पुन्हा लाठ्या आणि पुन्हा गोळ्या.

चव्हाणांनी निदर्शनांना वाट मोकळी ठेवली. समितीच्या पुढाऱ्यांनीही आपली जबाबदारी ओळखली. पसरणी घाटाच्या वाटेवर हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे राहिले, त्यांनी घसा फोडून घोषणा दिल्या, पंडितजींनी ते डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले, आणि दिवस शांततेने पार पडला. पुतळ्याचे अनावरण झाले. निषेधही झाला. मुख्यमंत्र्यांनी पाहुण्याची अब्रू राखली आणि समितीने आपल्या मागणीची धार राखली. कोणीही कोणापुढे नमले नाही. मराठी जनतेची भावना किती तीव्र आहे हे दिल्लीला समजण्यास त्या दिवसाचा उपयोग झाला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्या घाटातले लोक जर दगड घेऊन उभे असते, किंवा सरकारने त्यांना तेथे उभेच राहू दिले नसते, तर त्या दिवसाची आठवण निराळी राहिली असती.

एका दिवसाची शांतता राखणे तुलनेने सोपे असते. वर्षानुवर्षे एकमेकांविरुद्ध लढत असताना एक काम मिळून उभे करणे हे खरे अवघड. तसे एक काम महाराष्ट्राने केले, आणि त्याचा जितका बोलबाला व्हायला हवा होता तितका झाला नाही. ते काम म्हणजे रोजगार हमी योजना.

तिची कल्पना वि. स. पागे यांची. ते १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. गावातील धडधाकट माणसाने काम मागितले तर ते त्याला दिलेच पाहिजे, असा त्यांचा साधा विचार होता, आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना खडी फोडणाऱ्या रांगा, सुकडीच्या पिशव्या आणि परदेशातून आलेला मिलो आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट, लाल निशाण अशा विरोधी पक्षांनी त्या काळात सरकारला क्षणाचीही उसंत दिली नाही. कामाचे मोजमाप खोटे घेतले जाते, मजुरी वेळेवर मिळत नाही, मस्टरवर मेलेल्या माणसांची नावे आहेत, कामाच्या जागी पाणी आणि सावली नाही, अशा तक्रारी घेऊन मोर्चे निघत होते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. सौजन्य म्हणजे मवाळ बोलणे असे ज्यांना वाटते त्यांनी हे मोर्चे आठवावेत. त्यांत आवाज मोठा होता, शब्द तिखट होते, पण मागणी माणसाला चिरडण्याची नव्हती. माणसाला काम आणि धान्य देण्याची होती.

यातून जे निघाले ते कोणा एका पक्षाचे राहिले नाही. योजनेसाठी पैसा हवा होता. १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. पगारदार वाचकांना आपल्या पगारपत्रकातील ही कपात ठाऊक असेल. ती खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी सुरू झाली होती. शहरातला नोकरदार खेड्यातल्या मजुरासाठी दरमहा वर्गणी देऊ लागला, आणि या कराविरुद्ध शहरी मतदाराला भडकविण्याचा मोह विरोधी पक्षांनी आवरला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने संमत केला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यावे आणि न दिल्यास बेकारभत्ता द्यावा, असे त्यात बंधन आहे.

ते वर्ष कोणते होते हे आठवावे. आणीबाणी नुकतीच उठली होती. विरोधी पक्षांतील पुष्कळ माणसे नुकतीच तुरुंगातून सुटून आली होती, आणि ज्या पक्षाच्या राज्यात त्यांना तुरुंगात टाकले होते तोच पक्ष मुंबईत अजून सत्तेवर होता. मनात कडवटपणा असण्याला यापेक्षा मोठे कारण ते कोणते? तरी त्यांनी या कायद्याला पाठिंबा दिला, कारण तो कायदा सरकारसाठी नव्हता. पुढे १९७८ साली सत्तापालट होऊन पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले, आणि आधीच्या सरकारने केलेला हा कायदा त्या सरकारच्या कारकिर्दीत, २६ जानेवारी १९७९ रोजी अंमलात आला. एकाने पेरले आणि दुसऱ्याने राखले. एकमताने झालेल्या कामाला सत्तापालटाचे भय राहत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा व्यावहारिक फायदा आहे. संसदेने २००५ साली देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हाही महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की पुढाऱ्यांचे हे सहकार्य म्हणजे आतून संगनमत असते. हे वर भांडतात आणि आत वाटून घेतात, असे आपण चहाच्या दुकानात नेहमी ऐकतो. या संशयाला जागा आहे हे नाकारून चालणार नाही. तथापि सहकार्य आणि संगनमत ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. जो समझोता भर चौकात सांगता येतो ते सहकार्य. जो सांगता येत नाही ते संगनमत. रोजगार हमीचे एकमत सभागृहात, सर्वांदेखत झाले. लोकलेखा समितीचा अहवाल छापून निघतो. उलट, नगरपालिकेचे एखादे कंत्राट दोन्ही बाजूंनी गुपचूप वाटून घेतले जाते तेव्हा तेथे सौजन्य फार असते, पण ते चोरांमधले सौजन्य होय. अशा वेळी भांडण करणारा एखादा सभासद हाच गावाचा खरा हितकर्ता असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सभ्यतेने वागा, हा उपदेश नेहमी दुबळ्यालाच केला जातो. ज्याच्या हाती घंटा आहे, वेळ आहे आणि बहुमत आहे त्याला सभ्य राहणे सोपे जाते. ज्याला बोलूच दिले जात नाही त्याचा आवाज चढतो, आणि मग त्यालाच असभ्य म्हटले जाते. हे खरे आहे. म्हणूनच आमचे म्हणणे असे की सौजन्याची पहिली जबाबदारी सत्तेवर असणाऱ्याची आहे. विरोधकाच्या चिठ्ठीला उत्तर देणे, त्याला पुरेसा वेळ देणे, त्याची चांगली सूचना त्याच्या नावासह स्वीकारणे, ही त्याची कर्तव्ये. विरोधकाची जबाबदारी त्यानंतर येते, पण ती येतेच. वेळ मिळाल्यावर मुद्द्याचे बोलणे, हेतूवर घसरण्यापूर्वी कृतीची चूक दाखविणे, आणि मतदानात हरल्यावर सभा मोडण्याऐवजी पुढच्या सभेची तयारी करणे ही ती जबाबदारी होय.

आणखी एक लहानसा दाखला देऊन हा भाग संपवितो. १९९३ च्या जुलैमध्ये पंतप्रधान नरसिंह राव यांच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आला आणि तो थोडक्या मतांनी फेटाळला गेला. अटलबिहारी वाजपेयी यांचा पक्ष सरकारच्या विरुद्ध होता. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच १९९४ च्या प्रारंभी काश्मीरचा प्रश्न जिनिव्हाला मानवी हक्क आयोगापुढे आला. नरसिंह रावांनी भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते असलेल्या वाजपेयींकडे सोपविले, आणि वाजपेयींनी ते स्वीकारले. पाकिस्तानला आपला ठराव मागे घ्यावा लागला. परत आल्यावर वाजपेयी पुन्हा विरोधी बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी टीका करणे सोडले नाही.

हे सगळे पुढाऱ्यांविषयी झाले. परंतु या मांडवात पुढारी थोडे आणि श्रोते पुष्कळ आहेत, म्हणून शेवटी आपल्याविषयी बोलणे प्राप्त आहे. आमचा अनुभव असा की वक्ता टाळ्यांकडे पाहून बोलतो. प्रतिपक्षाच्या धोरणावर त्याने आकडेवारीने टीका केली तेव्हा सभा शांत राहिली, आणि प्रतिस्पर्ध्याच्या जातीवर, चेहऱ्यावर किंवा घरच्या माणसांवर त्याने शेरा मारला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला, तर पुढच्या सभेत तो काय बोलेल हे सांगायला ज्योतिषी नको. राजकारणाची भाषा बिघडली असे आपण म्हणतो. तिचे गिऱ्हाईक आपणच असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी आपल्या हाती आहेत. आपल्याला न पटणाऱ्या पक्षाच्या सभेला वर्षातून एकदा तरी जावे आणि शेवटपर्यंत बसावे. तेथे प्रश्न विचारावा, पण उत्तर ऐकून घ्यावे. माणसाची टवाळी करणारा मजकूर हाती आला तर तो पुढे पाठवू नये, मग तो आपल्या बाजूचा का असेना. नगरपालिकेच्या सभेला प्रेक्षक म्हणून जाण्याचा नागरिकाला अधिकार आहे, तो वापरावा. ठराव कोणी मांडला याची चौकशी मागाहून करावी, आधी ठरावात काय आहे ते वाचावे. दोन्ही बाजूंच्या सभासदांना वाटेत गाठून, नळाचे काय झाले, शाळेचे छप्पर केव्हा होणार, असे एकाच शब्दांत विचारावे. दोघांनाही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागला की त्यांना एकत्र बसण्याचे कारण आपोआप सापडते.

मागे सांगितलेल्या नगरपालिकेत शेवटी असेच झाले. ज्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या त्यांतल्या पंधरावीस जणी चौथ्या सभेला सभागृहात जाऊन बसल्या. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत की कोणाला दूषण दिले नाही. दोन्ही पक्षांच्या सभासदांच्या घरातल्या बायका त्यांत शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. त्या दिवशी ठराव संमत झाला. तो मांडणाऱ्याचे नाव आज आम्हांला आठवत नाही, आणि गावात ते कोणी विचारीतही नाही. नळाला पाणी मात्र येते.